बुधरीबाईची सरळ रेघ

प्रवासाबद्दल लिहिणाऱ्यानं पुष्कळ हिंडलेलं असावं, निदान लिहिण्याचा सराव तरी असावा. माझ्याकडे दोन्ही नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. आजवर लिहिलं ते प्रॅक्टिकलच्या वह्यांत आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांत. त्यातून ज्या गावाबद्दल लिहितो आहे तिथे मी मोजकेच दिवस राहिलो आणि तिथली भाषा मला येत नाही. जे समजलं ते जैनीबाईंनी समजावलं म्हणून. कुठे चुकलं असेल तर वाचकांनी आणि त्यांनीही सांभाळून घ्यावं. तरी लिहितो, कारण आमच्या अहवालात यातलं फार थोडं मावलं, आणि उरलेलं मला एकट्याला जवळ ठेवणं जड जातं आहे.

कोरपना ते आलापल्ली

मी कोरपना तालुक्यातला. आमच्याकडे कापूस, आणि कापसाच्या पानांवर सिमेंट कारखान्याची राखाडी भुकटी. रान म्हणजे आम्हाला बैल चारायची टेकडी. चंद्रपूरला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करताना एका संशोधन प्रकल्पात मदतनीस हवा होता, या भागातला आणि आकडेवारी येणारा. मी भीत भीत अर्ज केला आणि मला घेतलं.

प्रकल्प स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे म्हातारपणी माणसाची आठवण हळूहळू पुसत जाते त्या आजाराचा. ठिकठिकाणच्या हजारो वृद्धांची माहिती एका मोठ्या संगणकात भरायची: ते बोलतात कसे, झोपतात कधी, चालतात कुठून कुठे. एवढ्या ढिगातून संगणक स्वतःच शिकतो की विसरायला लागलेला माणूस कसा ओळखावा. घरच्यांच्या लक्षात येण्याच्या कितीतरी आधी तो सांगू शकतो, असं आमच्या मॅडम म्हणायच्या. त्या पुण्याच्या, मेंदूच्या डॉक्टर. कामाला कडक, पण माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबणाऱ्या. संगणक ज्याच्या नावापुढे लाल खूण करील त्याला गाडीनं शहरात नेऊन मेंदूचा फोटो आणि उपचार मिळणार होते. हिरवी खूण म्हणजे ठीक. एटापल्लीच्या पुढच्या एका गावात आधीच्या चमूनं वृद्धांच्या मनगटांवर चाल आणि झोप टिपणारे पट्टे बांधले होते. त्यातली माहिती उतरवून घ्यायची आणि प्रत्येकाचं थोडं बोलणं टिपायचं, एवढंच आमचं काम.

जीप गुलाबभाऊंची. आष्टीला वैनगंगा ओलांडली तसा त्यांनी मला विचारलं, "काऊन भाऊ, तुमची मशीन म्हणे इसरणारा मानूस पकडते?"

"अंदाज सांगते," मी म्हणालो.

"मंग माह्या सासऱ्याले बांधा एक पट्टा. लग्नात मोटारसायकल देतो म्हणला होता. वीस वर्षांपासून इसरून राह्यला."

मॅडम हसल्या. मीही हसलो. आलापल्लीनंतर सागाची झाडं रस्त्याच्या इतकी जवळ आली की बोलणं आपोआप कमी झालं. मार्चअखेर होती, पानगळ होऊन गेली होती. झाडांतून लांबवर दिसत होतं आणि दिसण्यासारखं काहीच नव्हतं. मोहाखालचा पाचोळा लोक जाळतात, म्हणजे फुलं वेचायला जागा साफ होते. त्याचा धूर जमिनीलगत पसरला होता. आमच्याकडे धूर दिसला की माणूस दिसतो. इथे मैलभर धूर होता आणि माणूस नव्हता.

गावात

गावाचं नाव लिहीत नाही, कारण मी त्यांना तसं विचारलं नव्हतं.

"जोहार" म्हणत पुढे आल्या त्या जैनीबाई. आश्रमशाळेत शिकलेल्या, त्यामुळे गावात बाहेरचं कोणी आलं की बोलणं त्यांच्याकडे. वयानं माझ्याएवढ्याच असतील, पोटुशी होत्या. पाणी दिलं, बसायला खाट टाकली आणि आम्ही बॅगा उतरवायच्या आतच म्हणाल्या, "मॅडम, माह्या आत्याले न्या. बाकी कोणाले नेलं नाई तरी चालेल."

आत्या म्हणजे त्यांच्या सासूबाई, बुधरीबाई.

"काय होतंय त्यांना?" मॅडमनी विचारलं.

"इसरते."

"काय विसरतात?"

जैनीबाईंनी अंगणाकडे पाहिलं. तिथे तीनेक वर्षांचा त्यांचा मुलगा कन्ना उंबरठ्याशी मांडी घालून बसला होता. लहान मूल इतकं स्वस्थ बसलेलं मी पाहिलं नव्हतं. "तुमी तपासा, मंग सांगते," त्या म्हणाल्या.

"तपासलं की संगणकच सांगेल," मॅडम म्हणाल्या. "माझ्या हातात नाही ते. लाल खूण आली की गाडी येईल, मी शब्द देते."

जेवायला जावा, म्हणजे तांदळाची पातळ आंबील, आणि लाल मुंग्यांची चटणी. मी धीर करून खाल्ली. आमच्या अंबाडीच्या भाजीसारखी आंबट, फक्त जिभेला कुणीतरी चिमटा काढल्यासारखी. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. पहिली वाटी कन्नाला गेली. घरातले सगळे, त्याचा बाप रैनूसुद्धा, त्यानं घोट घेईपर्यंत थांबले. फक्त कोपऱ्यातली म्हातारी थांबली नाही. तिनं आपली वाटी उचलली आणि प्यायली. कन्ना तिच्याकडे बघत राहिला. रागानं नाही. कोणीतरी हाक मारील म्हणून वाट बघावी, तसा.

प्रश्न

दुसऱ्या दिवशी गोटुलात, म्हणजे बैठकीच्या आणि पाहुण्यांच्या मोकळ्या झोपडीत, आम्ही बोलणी टिपली. प्रश्न साधे. मी मराठीत विचारायचं, जैनीबाईंनी तिथल्या माडिया भाषेत सांगायचं.

पहिले आले ते दुंगाबाबा, ताठ पाठीचे, मिश्कील.

"घरात कोण कोण आहे?"

"बायको. लेक. सून. माझी आई."

दुंगाबाबांची पाठ ताठ असली तरी वय ऐंशीच्या घरातलं. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, विचार.

"आई केवढ्या आहेत?"

त्यांनी तळहात गुडघ्याच्या उंचीवर धरला. "चालायला लागली आता. दात येऊन राह्यले, म्हणून किरकिर करते." आणि ते स्वतःच हसले, आईच्या किरकिरीला.

जैनीबाईंनी हे भाषांतर करताना आवाजही बदलला नाही. पुढच्या आजीनं भावाला परवा खांद्यावर घेऊन बाजार दाखवला होता. तिसऱ्यांची सासू अजून रांगत होती. टॅबवर उत्तर भरलं की संगणकाचा कौल लगेच येई. कुटुंबाची ओळख: विस्कळीत. लाल. पुन्हा लाल.

दुपारी मी विचारलं तेव्हा जैनीबाईंनी सांगितलं. माणूस गेला की घरची बाई त्याच्या अंगावर काजळीनं खूण करते. मग तो त्यांच्या, म्हणजे आधी गेलेल्यांच्या, गावाला जातो. मन झालं की परत येतो, घरातल्याच कुणाच्या पोटी, आणि ती खूण, नाहीतर अंगावरची जुनी एखादी, घेऊन येतो. कन्नाच्या कानामागे चार बारीक रेषा होत्या. बुधरीबाईंच्या वडिलांना तरुणपणी अस्वलानं तिथेच ओरबाडलं होतं. त्या रेषा दिसल्यापासून घरात सगळे कन्नाला त्या त्या नात्यानं बोलवतात. रैनू स्वतःच्या मुलाला आजा म्हणतो. बुधरीबाई त्याला बाबो म्हणायच्या. बाबो म्हणजे बाप.

आमच्या घरी मोठ्या भावाच्या मुलाला आजोबांचंच नाव ठेवलं आहे. सासऱ्याचं नाव तोंडात येऊ नये म्हणून माझी आई त्याला बापू म्हणते, आणि त्यानं फार हट्ट केला की "काय मामंजी, अजून काय पायजे?" असं म्हणून हसते. आमच्याकडे ते हसण्यावारी जातं. इथे कोणी हसत नव्हतं.

"मग आत्या काय विसरल्या?"

तेवढ्यात बुधरीबाई आल्याच. बारीक चणीच्या, डोळे निवळ. मी प्रश्न विचारला.

"घरात कोण कोण आहे?"

"लेक. सून. एक पोरगा आहे, लहान."

"त्याचं नाव?"

"कन्ना."

"तुमचे वडील?"

त्या थोडं थांबल्या. प्रत्येक उत्तराआधी त्या तशा थांबत, बाजूला बसलेल्यानं आधी बोलून घ्यावं म्हणून थांबावं तशा. बाजूला कोणी नव्हतं. "नाहीत या घरात," त्या म्हणाल्या.

टॅबवर हिरवी खूण आली. गावातली एकुलती एक.

जैनीबाई टॅबकडे बघत होत्या. "हेच," त्या हळू म्हणाल्या. "पाह्यलं ना. बाबो नाई म्हणत त्याले. पोरगा म्हणते."

नंतर चार्जिंगसाठी मी बुधरीबाईंचा पट्टा सोडवला. खाली मनगटाभोवती कातडीचा फिकट वळ पडला होता, चुन्यानं रेघ ओढावी तसा पांढरट. त्यांनी माझा हात धरला. पकड घट्ट होती. माडियात काही बोलल्या.

"लवकर बांध म्हणते," जैनीबाईंनी सांगितलं. "मी कुठी आहे ते यालेच माहीत आहे म्हणते."

नकाशा

तिसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉपवर पट्ट्यांतल्या वाटा उघडल्या. प्रत्येक वृद्धाची महिनाभराची चाल म्हणजे एक बारीक रेघ. सगळ्या एकावर एक ठेवल्या की गाव आपोआप उमटतं: विहीर, बाजाराची वाट, मोहाची झाडं. हे मला नेहमी आवडतं. माणसं न दिसता माणसांचं येणंजाणं दिसतं.

गावाच्या पूर्वेला, मोहाच्या वाटेवर, रेघांच्या मध्ये एक पांढरा गोल होता.

आधी वाटलं उपग्रहाचा दोष. नकाशावर तिथे काही नव्हतं. टेकडी नाही, पाणी नाही, घर नाही. तरी प्रत्येक रेघ तिथवर सरळ यायची, बाहेरून मोठं वळण घ्यायची आणि पलीकडे पुन्हा सरळ व्हायची. जातानाही, येतानाही. रोज. कोणी पुसून काढावी इतकी ती जागा स्वच्छ होती. संगणकानं त्या वळणांना शेरा दिला होता: विनाकारण भटकणे. त्यानं शहरातल्या म्हाताऱ्यांवरून हे शिकलं होतं, की विसरलेला माणूस सरळ वाट सोडून फिरतो.

एक रेघ मात्र गोलाच्या मधून आरपार गेली होती. गेल्या काही दिवसांत रोज. मी तिच्यावर बोट ठेवलं तेव्हा नाव आलं, बुधरीबाई. पुढे शेरा: चाल सुस्पष्ट. आणि गोलाच्या मधोमध एक ठिपका, जिथे ती रेघ रोज बराच वेळ थांबत होती.

माझ्या अंगावर काटा आला. लॅपटॉपसमोर बसून असं आधी कधी झालं नव्हतं. मी मॅडमना दाखवलं. त्यांनी तो ठिपका मोठा करून पाहिला. मग म्हणाल्या, "उद्या तू जैनीबरोबर चालून ये. मला फक्त रेघ दिसते आहे. तू काय दिसतं ते बघ."

मोहाच्या वाटेवर

सकाळी मोह टपटपत असतो. बायका, मुलं झाडाखाली वाकलेली, टोपल्या भरत. जमीन इतकी निपटून वेचलेली की झाडल्यासारखी. वाट गोलापाशी आली तशी वळली. मला वाटलं जैनीबाई सांगतील, पण त्या पाय उचलून सहज वळल्या, जसे आपण चूल ओलांडत नाही.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"त्यायचं गाव आहे. गेलेल्या माणसाले नेतो तेव्हाच जातो आपण तिथी. एरवी ते त्यायच्या गावात, आपण आपल्या गावात."

झाडांतून उभे दगड दिसत होते. काही माणसाच्या उंचीचे, काही लहान मुलाएवढे. आणि त्यांच्या पायाशी मोह. कुणी न वेचलेला, कितीतरी दिवसांचा, थरावर थर, पिवळा आणि खाली कुजून काळा. त्या गोड वासानं डोकं जड झालं. मागच्या झाडांखालचा बायकांच्या बोलण्याचा आवाज वळणावरच थांबला होता. पाखरू नव्हतं. फुलं मात्र पडत होती, आणि थरावर पडल्यामुळे त्यांचा आवाजही होत नव्हता.

मधोमध बुधरीबाई बसल्या होत्या. टोपली भरत होत्या, आणि एका उंच दगडाकडे मान वळवून बोलत होत्या. बोलायच्या, थांबायच्या, मान डोलवायच्या. परवा माझ्यासमोर थांबत होत्या तशाच.

"कोणाशी बोलतात?"

"बाबोशी." जैनीबाईंचा आवाज कोरडा होता. "मी म्हटलं, बाबो घरी आहे, जावा पिऊन राह्यला. तं म्हणते, बाबो तं इथी बसला आहे, दगडाले टेकून. मंग तो घरातला पोरगा कोणाचा, म्हणते."

एक फूल माझ्या पायाशी, वाटेच्या अलीकडेच, घरंगळत आलं होतं. आमच्याकडे टेकडीवरचा मोह आम्ही वेचता वेचता खायचो. सवयीनं मी ते उचललं आणि तोंडात टाकलं.

"थुंका, भाऊ."

त्या ओरडल्या नाहीत, पण मी लगेच थुंकलो. त्यांनी कमरेच्या गाठीतून चिमूटभर तांदूळ काढले, मला त्या जागेच्या कडेला ठेवायला लावले, आणि कोणाला तरी दोन शब्दांत काही सांगितलं. बहुधा माझ्यातर्फे माफी मागितली असावी. सगळं थुंकलं गेलं की नाही, मला खात्री नाही.

बुधरीबाई टोपली घेऊन आल्या आणि आमच्या अंगावरून गेल्यासारख्या, वाट न वाकवता, सरळ गावाकडे निघाल्या. घरी त्यांनी टोपली अंगणात ओतली, हात झटकले आणि आत गेल्या. जैनीबाईंनी तो मोह पुन्हा टोपलीत भरला. तो खाता येत नाही, विकताही येत नाही. कडेपर्यंत नेऊन तो परत द्यावा लागतो. पोटाला हात लावत त्या टोपली उचलू लागल्या तेव्हा मी पुढे झालो.

"तुमी नका. तुमी आत्ताच चाखला त्यायचा." त्या थोड्या हसल्या. मग म्हणाल्या, "रोज नेते मी. माहं पोट असं. आज ना उद्या आत्या तिथीच राहून जाईल भाऊ. तिच्यासाठी गाडी पायजे. दुंगाबाबाले काय झालं? त्याले आई आठवते."

परतताना

निरोपाला कन्ना जीपपाशी आला. त्यानं मॅडमच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मग माझ्या डोक्याकडे नेला, वडीलधारं माणूस नेतं तसा. मी वाकलो. का वाकलो ते सांगता येणार नाही.

जीपमध्ये मी मॅडमना सगळं सांगितलं, अडखळत. इथे न विसरणं म्हणजे ते वळण, आणि विसरणं म्हणजे ती सरळ रेघ. आपला संगणक उलटा वाचतो आहे. मला वाटलं त्या म्हणतील, तू विद्यार्थी आहेस. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. पण एका बाईची खूण मी हातानं बदलली तर उद्या कोणीही बदलेल. मला वरच्यांना पटवून अख्खं मॉडेल या गावांकडून पुन्हा शिकवून घ्यावं लागेल. वेळ लागेल. तोवर इथल्या लाल खुणांच्या गाड्या थांबवून ठेवते."

"तोवर बुधरीबाईंना तसंच नेलं तर? आपल्याच गाडीनं?"

"विचारलं मी काल. रैनू हो म्हणाला. बुधरीबाई नाही म्हणाल्या. हिरवी खूण असलेल्या माणसाला मी जबरदस्तीनं कशी नेऊ?"

गुलाबभाऊ एरवी मध्ये बोलले असते. आष्टीचा पूल येईपर्यंत बोलले नाहीत. मग फक्त म्हणाले, "माह्या सासऱ्याचं राहू द्या, मॅडम."

चंद्रपुरात मी मॅडमसाठी नकाशे, वळणं, शेरे, सगळं पुन्हा पुन्हा मांडून दिलं. त्या गोलाला काय म्हणायचं हे मला शेवटपर्यंत सुचलं नाही. मी "टाळलेली जागा" असं लिहिलं. परीक्षा झाली, पाऊस झाला. मॅडमनी शब्द पाळला. मॉडेल पुन्हा शिकवलं गेलं. संगणकानं दुंगाबाबांची खूण हिरवी केली. आणि एक दिवस बुधरीबाईंची खूण लाल झाली. मेसेज आपोआप गेला. मी त्या दिवशी हॉस्टेलच्या मित्रांना चहा पाजला.

नंतर जैनीबाईंचा फोन आला. रेंज मिळायला त्या कुठल्या तरी टेकडीवर आल्या होत्या, वारा ऐकू येत होता.

"भाऊ, मेसेज आला तुमचा. गाडी येते म्हणते आत्यासाठी. नका पाठवू म्हणा. आत्या बरी झाली."

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठलो. "कन्नाला बाबो म्हणतात का आता?"

"बोलता कुठी येते तिले अजून." वारा. मग त्या सांगू लागल्या, बाजारहाट सांगावी तसं. "पावसाच्या तोंडाशी गेली आत्या. तिथीच. दगडाले टेकून बसली होती, टोपली मांडीवर. काही लागलं नव्हतं तिले. मी काजळी घेतली हातात, अना पट्टा काढला, तं हाताले तुमचा तो पांढरा वळ होता. म्हटलं आता आणखी खूण कायले करू. नाई केली. मंग मले पोरगी झाली."

मी पुन्हा खुर्चीवर बसलो.

"डाव्या हाताले आहे वळ. पट्टा बांधल्यासारखा. रात्रंदिवस रडते, पण कन्ना जवळ गेला का चूप होते, टकमका पाहते त्याच्याकडे. ओळखते बापाले." त्या जरा थांबल्या. "तुमच्या कॉम्प्युटरले सांगजा भाऊ. शोधत राहील नाई तं. घरी आली म्हणावं."